येतो म्हणणाऱ्यांची बेरीज

माझी बायको दर्शना मेरांगच्या हॉस्पिटलात मेली, त्या दिवशी आमची बाजू जड होती. ताजव्यावर आकडा होता एक पूर्णांक एकतीस. म्हणजे समोरच्याची ताकद एक धरली तर आमची त्याहून जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त. टीव्हीवर सोन्याचा भाव सांगतात तसा तो आकडा रोज सांगायचे. तिच्या वॉर्डचं छप्पर खाली आलं त्या संध्याकाळीही सांगितला. निवेदिका हसत होती.

आमचा सात देशांचा करार होता. सातांतला सर्वांत लहान देश मेरांग, तीन बेटांचा. एकावर हल्ला झाला तर बाकीच्या सहांनी धावून जायचं, असं ठरलं होतं. समोर एकच देश. पेपरवाले त्याचं नाव लिहायचे, आमच्या गावात सगळे त्याला नुसतं 'एकटा' म्हणायचे. एकट्याला मेरांगची सामुद्रधुनी हवी होती. ताजवा हे कराराचं यंत्र. सात देशांची मिळून ताकद किती आणि एकट्याची किती, हे ते रोज तोलायचं. आकडा सव्वाच्या वर असला तरच करार जहाजं पाठवणार, असा नियम होता. आणि आकडा एकच्या वर आहे तोवर एकटा हात उचलणार नाही, असं सगळे धरून चालले होते.

एकट्याने हात उचलला.

दर्शना नर्स होती. तिथल्या मुलींना शिकवायला म्हणून गेली होती. वेढा पडला तेव्हा तिचा फोन आला. म्हणाली, "घाबरू नकोस. सगळे येतायत म्हणे. तू आकडा बघितलास ना?"

मी म्हटलं, "बघितला."

दोन देशांची जहाजं गेली. त्यांत एक आपला. तीसुद्धा वेगवेगळ्या दिवशी पोचली आणि वेगवेगळ्या दिवशी बुडाली. बाकीचे चार देश शेवटपर्यंत निघतोच आहोत असं सांगत राहिले. एकट्याने मधलं आणि उत्तरेचं बेट घेतलं. मग शस्त्रसंधी झाली. दर्शनाला आणता आलं नाही. तिथेच पुरली, कुणी पुरली ते मला माहीत नाही.

मी, हेमंत तारी, गोदीत फिटर होतो, आता निवृत्त आहे. आमचं गाव मालवणच्या खाली, समुद्राला लागून. तिथे कराराचं नवीन बंदर झालं आणि घरटी एक माणूस जहाजावर गेलं. माझी मुलगी ऊर्वीसुद्धा. ती रसदीच्या जहाजावर इंजिनिअर. शस्त्रसंधीची मुदत संपत आली आणि बातमी आली, की आकडा सव्वाच्या वर राहिला तर मेरांगच्या उरलेल्या बेटाकडे पुन्हा ताफा जाणार. त्या ताफ्यात ऊर्वीचं जहाज होतं.

मला एवढंच हवं होतं, की ते जाऊ नये. बाकी जगाचं काहीही होवो.

*

मेलेल्यांच्या घरच्यांसाठी करारवाल्यांनी कणकवलीला सभा ठेवली. चहा, सामोसे, आणि ताजवा बनवणाऱ्यांतले डॉक्टर वर्दे. पन्नाशीचा माणूस, साधा शर्ट, आवाज मऊ. त्याने टेबलावर कॅरमच्या सोंगट्या मांडल्या.

"समजा, दहा काळ्या आणि दहा पांढऱ्या," तो म्हणाला. "दोन्ही एकदम भिडल्या तर बरोबरी. आता समजा, पांढऱ्या आधी पाच आल्या, नंतर पाच. मग किती काळ्या उरतील?"

मागून एक जण म्हणाला, "तुम्हीच सांगा, आम्ही खेळायला नाही आलो."

"सात," वर्दे म्हणाला. "सगळ्या पांढऱ्या संपतात आणि काळ्या सात शिल्लक राहतात. कारण एकत्र लढताना ताकद संख्येइतकी नसते, संख्येच्या वर्गाइतकी असते. दहाचा वर्ग शंभर. पाचाचा पंचवीस. शंभरातून पंचवीस गेले, पंच्याहत्तर राहिले. पुढच्या पाचांचे आणखी पंचवीस गेले, पन्नास राहिले. पन्नासचं वर्गमूळ सात. शंभर वर्षांपूर्वीच हे गणित मांडून झालंय. म्हणून कराराची जहाजं नुसती बेरीज करून चालत नाही. किती जण येणार आणि एकदम येणार का, हे कळावं लागतं."

हे मला पटलं. गोदीतही तसंच असतं. जहाजाच्या पंख्याचं जड पातं उचलायला आठ जण लागतात. चार आत्ता आणि चार जेवण झाल्यावर, असं करून पातं उचललं जात नाही.

मी विचारलं, "आणि एकट्याची ताकद कशी काढता?"

"ते सोपं आहे. त्याला कुणाला विचारायचं नसतं. जहाजं मोजली की झालं."

"आणि आमच्यात कोण येणार हे यंत्राला कसं कळतं?"

"बोलण्यावरून," तो म्हणाला. "तुमच्या घरांत आम्ही लहान डबी बसवली आहे ना, संमती घेऊन."

ती डबी सगळ्यांना माहीत होती. पांढरी, दाराजवळ लावलेली. जहाजावर माणूस असलेल्या प्रत्येक घरात, सातही देशांत. गावात तिला 'कान' म्हणायचे.

"सरकारं काय सांगतात यावर आम्ही विसंबत नाही," वर्दे म्हणाला. "सरकारं खोटं बोलतात. पण खलाशी घरातून निघताना जे बोलतो ते खरं असतं. लाखो घरांतलं असं बोलणं ऐकून यंत्र ठरवतं, की या देशाची माणसं बोलावल्यावर येतील की कच खातील. हे ऐका."

त्याने एक तुकडा ऐकवला. आमच्याकडचाच कुठलातरी मुलगा होता. चपला सरकवल्याचा आवाज, मग, "चल आई, येतो गं. येतो पप्पा."

पडद्यावर अक्षरं आली. येण्याचा निश्चय, चौऱ्याण्णव टक्के.

मग माझ्या मागे बसलेली एक बाई मोठ्याने हसली. तिचा नवरा बुडाला होता.

"अहो साहेब," ती म्हणाली, "तो चाललाय!"

वर्दे काही न कळल्यासारखा तिच्याकडे बघायला लागला.

"तो घरातून चाललाय. जातो म्हणू नये म्हणून येतो म्हणतोय. येतोय कुठे? तुमच्या यंत्राला हे कुणी सांगितलं नाही?"

मग सगळेच हसायला लागले. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ तर टेबलावर हात आपटत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वर्दे उभाच होता. तो आपल्याच लोकांतला, मराठी. रोज सकाळी बायकोला येतो म्हणूनच घरातून निघत असणार. इतकं रोजचं, की ते कधी कानावरच पडलं नसेल, असं मला वाटलं.

सभा संपल्यावर मी त्याला गाठलं. विचारलं, "तुम्हाला हे आजच कळलं?"

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "नाही. मागच्या वर्षी कळलं. म्हणजे, वेढ्यानंतर. एका देशात पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात. ते सगळं होकारात गेलं होतं. ते तपासताना आपलं सापडलं. सभेत ऐकवायचा तुकडा मात्र वरून ठरून येतो."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"केलं तर आकडा एकच्याही खाली येतो, तारीसाहेब. आणि आकडा एकटाही वाचतो. आज तो थांबलाय तो या आकड्यामुळे."

"मागच्या वेळी त्याने वाचला नव्हता?"

तो टेबलावरच्या सोंगट्या गोळा करायला लागला.

"माझ्या बायकोने वाचला होता," मी म्हटलं. "पळून यायची बोट होती तिच्यापुढे. आकडा बघून ती थांबली. आणि आता त्याच आकड्यावर माझ्या मुलीला पाठवताय."

"राष्ट्राच्या दृष्टीने विचार केला तर—"

मी त्याच्या शर्टाला हात घातला. दोघांनी मला मागे ओढलं. बाहेर पडताना सामोशांचा ट्रे माझ्या हाताने पडला. मुद्दाम पाडला.

*

यंत्र दुरुस्त होणार नसेल तर आम्हीच दुरुस्त बोलू, असं मी ठरवलं. गावात घरोघरी गेलो. म्हटलं, "कानासमोर येतो म्हणू नका. सरळ जातो म्हणा. आकडा खरा होईल आणि पोरं घरी राहतील."

तरुण पोरांना मजा वाटली. चहाच्या टपरीवर एकमेकांना "जातो रे!" म्हणून ओरडायचे आणि खिदळायचे. पण दारात, आईसमोर, एकाच्याही तोंडून तो शब्द निघेना. शेजारच्या सत्यवतीकाकींचा नीलेश ऊर्वीच्याच जहाजावर होता. काकींनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"तुझा डोक्या फिरला काय रे, हेमंता? माझो झील बोटीवर आसा. मी तसला अभद्र तोंडातून काढूचंय नाय, आणि तेकाव काढूक देवचंय नाय."

"काकी, दर्शना येते म्हणूनच गेली होती."

"म्हणान मी जातंय म्हणू? तू जा बघू आधी हयसून."

मी चिडून घरी आलो. खरं तर सगळ्या गावावर चिडलो होतो. पोर मेलं तरी चालेल, पण अपशकून नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलेश बंदरावर निघाला. रोजच्यासारखं "येतंय गे आये" म्हणाला. तो वळणापलीकडे गेला आणि काकी पदर खोचून कानासमोर उभ्या राहिल्या. नळावर भांडायला उभं राहतात तशा. मी माझ्या पडवीतून ऐकत होतो.

"गे बाय, आयक. तो आता काय म्हणालो ता माझ्यासाठी. तुझ्यासाठी न्हय. तुझ्याकडे तो येणा नाय. समाजला? येणा नाय!"

मुलाच्या तोंडून वावगा शब्द न काढता काकींनी काम केलं. मला हे सुचलं नव्हतं. दुपारपर्यंत ते गावभर झालं. माणूस निघाला की घरातली बाई कानाजवळ जायची आणि त्याला झापायची. कुणी शांतपणे समजावून सांगायच्या, कुणी शिव्या घालायच्या. गावातून ते देवगडला गेलं, रत्नागिरीला गेलं, कारवारला कानडीत गेलं. मग परदेशातल्या कुणीतरी त्याचं चित्रीकरण पाहिलं आणि तिथल्या बायका आपापल्या भाषेत डब्यांना खरं सांगायला लागल्या. 'बघू' म्हणजे नाही, असं.

आकडा घसरायला लागला. टीव्हीवरची निवेदिका हसायची थांबली. तज्ज्ञ बसवले. ते म्हणाले, सैनिकांचं मनोधैर्य खचलंय. मी टीव्हीला शिव्या दिल्या. मनोधैर्य तेवढंच होतं, तुम्हाला आत्ता ऐकू आलं.

एका गुरुवारी आकडा सव्वाच्या खाली आला. ताफा थांबवला. ऊर्वीचं जहाज धक्क्याला बांधून राहिलं.

मी बाजारात गेलो आणि सुरमई आणली.

*

ऊर्वी आली ती बॅग घेऊनच. मी ताट वाढलं. ती बसली नाही.

"काकींनी सांगितलं मला," ती म्हणाली. "हे सुरू कुणी केलं ते."

"जेव आधी."

"पप्पा, जहाजं थांबवली."

"मला माहीत आहे. बरं झालं."

"बरं झालं? दक्षिणेच्या बेटावर अजून हॉस्पिटल आहे. आईने शिकवलेल्या मुली ते चालवतायत. परवा मुदत संपते."

"मग त्यांना काढावं तिथून."

"कोण काढणार? सांगा ना, कोण?"

मला राग आवरला नाही. "हे मला काय विचारतेस? वर्देला विचार! मंत्र्यांना विचार! तुझ्या आईला कोण आलं होतं काढायला? खोट्या आकड्याने मारलं तिला. मी तो आकडा खरा केला. एवढं तरी केलं मी. बाकी कुणी काय केलं?"

"आकड्याने नाही मारलं," ऊर्वी म्हणाली. ती ओरडत नव्हती, त्यामुळे मला जास्त लागलं. "चार देश आले नाहीत म्हणून ती मेली. आकडा खोटा होता, कबूल. तुम्ही तो खरा केलात, तेही कबूल. पण खरा केल्याने येणारं एक तरी माणूस वाढलं का? उलट जे दोन जाणार होते तेही थांबले."

"त्या दोनांत तू होतीस!"

"होते."

"पाच-पाच करून गेलात तर काय होतं ते मी त्या टेबलावर बघून आलोय. सोंगटीसारखी गेली असतीस."

"लढायला गेले तर," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. जहाजावरचं काम तिने सोडलं होतं. तिचा करार खासगी कंपनीशी होता, सोडता येत होता. आईच्या नर्सांच्या संघटनेने एक जुनी प्रवासी लाँच घेतली होती, रुग्ण बाहेर काढायला. बंदूक नाही, ताफा नाही. ताजव्यावर त्या लाँचचं वजन शून्य. तिला इंजिनिअर नव्हता, म्हणून ऊर्वी जाणार होती.

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं. "आईसारखीच आहेस. तुला कुणी सांगितलंय? ज्यांनी सह्या केल्या ते एसीत बसलेत आणि तू मोडकी लाँच घेऊन जातेस?"

"हो."

"मी तुला जाऊ देणार नाही."

"तुम्ही पंधरा लाख घरांना बोलायला शिकवलंत, पप्पा. मला दारात अडवू नका."

ती गेली. जाताना काहीच बोलली नाही. ताट तसंच होतं. मी ते उचलून भिंतीवर मारलं. मग खाली बसून काटे वेचले, कारण मांजर येतं.

ती लाँच मला माहीत होती. आमच्याच गोदीत दोनदा आली होती. तिचा शाफ्ट एका ठिकाणी गरम होतो आणि तो का होतो हे पुस्तकात नाही. खाडीत चालून जाईल, समुद्रात नाही. ऊर्वीला हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं, किनारा दिसेनासा झाल्यावर.

मी संध्याकाळभर वर्देला शिव्या दिल्या. मंत्र्यांना दिल्या, त्या चार देशांना दिल्या, एकट्याला दिल्या. मेलेल्या बायकोलाही दिल्या, बोट समोर होती तर का नाही चढलीस म्हणून. सगळ्यांना देऊन झाल्यावर हत्यारांची पिशवी काढली.

*

लाँच सकाळी सुटायची होती. मी इंजिनरूममध्ये उतरलो तेव्हा ऊर्वी बेअरिंग उघडून बसली होती. तिने मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, "हे नाही, त्याच्या मागचं." ती सरकली. आम्ही काम केलं. माझा राग गेला नव्हता आणि तिचाही गेला नव्हता, पण पाना धरायला दोघं लागतात.

वर बारा नर्सा होत्या, एक डॉक्टर, आणि सत्यवतीकाकींचा नीलेश. जहाज बांधून पडलंय तर बसून काय करू, म्हणाला. काकी धक्क्यावर उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

काम संपत आलं आणि माझा फोन वाजला. डॉक्टर वर्दे.

"तारीसाहेब, तुमचा नंबर शोधायला फार त्रास झाला," तो म्हणाला. आवाज पहिल्यासारखा मऊ नव्हता. "फार गंभीर परिस्थिती आहे. आकडा पंच्याण्णव शतांशावर आलाय. एकट्याची जहाजं हललीत. तुम्ही घरच्यांना एक आवाहन करा. डब्यांशी तसं बोलू नका म्हणावं, निदान मुदत संपेपर्यंत. तुमचं ऐकतील. आकडा वर आला पाहिजे."

"आकडा वर आणायचाय?"

"हो. काहीही करून."

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "तुमच्या ऑफिसात माणसं किती?"

"कुठे? ताजव्यावर? असतील चारशे."

"मी मालवणच्या खालच्या धक्क्यावर आहे. लाँच आहे. मेरांगला चाललीये, रुग्ण आणायला. स्ट्रेचर उचलायला माणसं कमी आहेत. दुपारपर्यंत थांबतो. चारशे नकोत, चार आणा. तुम्ही स्वतः या."

"तारीसाहेब, आकडा—" तो म्हणाला.

"यंत्र राहू दे, साहेब. मी तुम्हाला माणूस म्हणून विचारतोय. तुम्ही येणार का?"

पलीकडे कुणाचा तरी आवाज आला, दार उघडल्याचा. वर्देने घसा साफ केला.

"अहो, म्हणजे, माझी इथे गरज आहे. आत्ता मंत्र्यांबरोबर बैठक आहे. तुम्ही आवाहनाचं बघा. बघतो मीही. बरं, ठेवतो मग."

"ठेवा," मी म्हटलं.

ऊर्वीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"दुपारपर्यंत थांबायचं?" तिने विचारलं.

"कशाला?" मी म्हटलं, आणि इंजिन सुरू केलं.